पेपर उलगडता आला तर गर्दी दीडशे टक्के!

टोकियो आणि आसपासच्या शहरांना जोडणारं रेल्वेचं जाळं आखण्यात इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्या खपल्या. एका पिवळ्या, चिकट आणि अक्षरशः बिनडोक जीवाला त्याच कामासाठी २६ तास पुरले.

त्याचं नाव फायसेरम पॉलिसेफलम. कुजक्या लाकडावर, ओल्या पाल्यावर पसरणारा हा स्लाइम मोल्ड. ना प्राणी, ना वनस्पती, ना धड बुरशी. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आहे ती फक्त भूक. आत्सुशी तेरो आणि तोशियुकी नाकागाकी यांच्या गटानं एका ताटलीत टोकियो परिसराचा नकाशा मांडला. शहरांच्या जागी ओटचे कण ठेवले, एकूण ३६. जिथे समुद्र किंवा डोंगर, तिथे उजेड पाडला, कारण या जीवाला उजेडाचं वावडं. मग त्याला नेमकं 'टोकियो'वर सोडलं. आधी तो सगळीकडे पसरला. नंतर ज्या नळ्यांतून खाणं भरपूर वाहत होतं त्या जाड केल्या आणि बाकीच्या आक्रसून घेतल्या. उरलेलं जाळं एकूण लांबी, प्रवासाची सोय आणि एक मार्ग तुटलाच तर दुसरा आहे का, या तिन्ही कसोट्यांवर खऱ्या रेल्वेच्या तोडीचं निघालं. २०१० साली हा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी या मंडळींना इग नोबेल, म्हणजे गमतीदार पण खऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळालं. विभागाचं नावच होतं वाहतूक नियोजन! नाकागाकींचं हे दुसरं इग नोबेल. पहिलं २००८ मध्ये, याच जीवाकडून कोडी सोडवून घेतल्याबद्दल.

अर्थात त्या जीवाला एक मोठी सवलत होती. त्याच्या ताटलीत भूसंपादन नव्हतं आणि मंत्रीही नव्हते.

मंत्री आणि थांबा

१९६६ साली जपानचे वाहतूक मंत्री होते सेइजुरो आराफुने. नवं वेळापत्रक आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की साइतामा प्रांतातल्या फुकाया या स्टेशनावर आता एक्स्प्रेस गाड्या थांबणार आहेत. फुकाया म्हणजे मंत्रिमहोदयांचा मतदारसंघ. ओरड झाली, आणखीही काही प्रकरणं बाहेर आली आणि आराफुनेंना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. एका थांब्याचं निमित्त होऊन मंत्र्याची खुर्ची जाते, हे वाचून आपल्याकडे काहींना जपानविषयी आदर वाटेल, तर काहींना मंत्र्यांची दया येईल.

शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या गिफू-हाशिमा स्टेशनाबाहेर तर बान्बोकू ओनो या नेत्याचा सपत्नीक पुतळाच उभा आहे. हा थांबा ओनोंनीच पदरात पाडून घेतला, असं लोक मानतात. रेल्वेवाले तांत्रिक कारणं पुढे करतात. तेव्हा जपानी म्हणजे शिस्त, जपानी म्हणजे निव्वळ तर्क, हा गैरसमज इथेच मिटवून टाकू. १९८७ साली सरकारी रेल्वेचं विभाजन आणि खासगीकरण करावं लागलं तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. ग्रामीण भागात मागून घेतलेले आणि कधीच न परवडलेले मार्ग हे त्यामागचं एक मोठं कारण.

गर्दी मोजायची कशी?

जपानचं वाहतूक मंत्रालय दर वर्षी लोकलच्या गर्दीचे आकडे टक्क्यांत जाहीर करतं. टक्के कसले? इथे खरी मजा आहे. १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा, किंवा धरायला कडी, किंवा दाराजवळचा खांब. १५० टक्के म्हणजे उभ्या उभ्या पेपर पूर्ण उलगडून आरामात वाचता येतो. १८० टक्के म्हणजे घडी घातलेला पेपर कसाबसा वाचता येतो. २०० टक्क्यांना अंगाला अंग चेपतं, पेपर विसरायचा, पण साप्ताहिक जेमतेम वाचता येतं. आणि २५० टक्के म्हणजे गाडी झुकली की सगळे झुकतात, हातसुद्धा हलवता येत नाही.

वर्तमानपत्र हे मोजमापाचं सरकारी साधन! लोक मोबाइल बघायला लागले तरी ही पट्टी वर्षानुवर्षं टिकली. मला ही पट्टी फार आवडते. मुंबईच्या रेल्वेवाल्यांकडे 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी संज्ञा आहे, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. तीही अचूकच आहे, पण तिच्यात माणूस फक्त वजन म्हणून येतो. जपानी व्याख्येत तो वाचक म्हणून येतो.

१९७५ साली टोकियोच्या मुख्य मार्गांवर ऐन गर्दीच्या तासाची सरासरी २२१ टक्के होती. नवे रूळ, लांब गाड्या, भुयारी मार्ग यांवर पैसा ओतून ती २०१९ मध्ये १६३ पर्यंत खाली आली. म्हणजे साडेचार दशकांची कमाई काय, तर साप्ताहिकावरून पेपरवर येणं. २०२० मध्ये करोनानं तो आकडा एका फटक्यात १०७ वर आणला.

लवकर निघा, भजी खा

गाड्या वाढवून भागेना तेव्हा टोकियो मेट्रोनं पोटातून वाट काढली. तोझाई मार्ग हा देशातल्या सर्वांत गच्च मार्गांपैकी एक. २०१९ च्या आगेमागे किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी १९९ टक्के. त्या वर्षी जानेवारीत कंपनीनं जाहीर केलं की सकाळी गर्दीच्या आधी प्रवास करणारे नोंदणीकृत प्रवासी दोन हजारांच्या वर गेले तर सर्वांना टेम्पुरा फुकट. अडीच हजारांच्या वर गेले तर सोबा नूडल्स. तीन हजार झाले तर दोन्ही. टेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या आणि कोळंबी, आपल्या भज्यांचा नाजूक चुलतभाऊ.

हसू येतं, पण यामागे एक अडचण आहे. जपानमध्ये नोकरदाराचा पास बहुतेक वेळा कंपनीच काढून देते आणि महिना दीड लाख येनपर्यंतच्या या भत्त्यावर आयकर नाही. खिशाला झळच नाही, तर गर्दीच्या वेळेचं भाडं वाढवून माणूस हलणार कसा? म्हणून मग भजी. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं २०२३ मध्ये गर्दीची वेळ वगळून चालणारा, सुमारे दहा टक्के स्वस्त पास काढला, तो याच दुखण्यावरचा जरा गंभीर इलाज.

कारण नसताना कोंडी

आता रुळांवरून रस्त्यावर येऊ. पुढे अपघात नाही, सिग्नल नाही, रस्ता अरुंद नाही, तरी गाड्या तुंबतात. का? नागोया विद्यापीठाच्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे करून दाखवलं. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना इतकंच सांगितलं की ताशी ३० किलोमीटरनं एकामागोमाग चालत राहा. थोडा वेळ सगळं छान. मग कुणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्यानं जरा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त, आणि पाहता पाहता काही गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती कोंडी मग लाटेसारखी उलट्या दिशेनं, ताशी सुमारे २० किलोमीटरनं, मागे सरकत राहिली. दोषी कोणीच नाही.

टोकियो विद्यापीठाच्या कात्सुहिरो निशिनारी यांनी तर 'कोंडीशास्त्र' हा आपला विषयच करून टाकला. जपानच्या द्रुतगती मार्गांवरच्या कोंड्यांचं एक मुख्य ठिकाण म्हणजे उतार संपून हलका चढ सुरू होतो ती जागा. चढ इतका सौम्य असतो की चालकाला कळतच नाही. वेग हळूहळू मरतो आणि मागच्यांचे ब्रेक लागायला लागतात. त्यावर उपाय म्हणून अशा जागी रस्त्याकडेला दिव्यांची रांग लावतात आणि प्रकाश योग्य वेगानं पुढे पळवतात. चालक नकळत त्या प्रकाशाच्या मागे लागतो. ना दंड, ना पोलीस.

याच निशिनारींच्या गटाला २०२१ चं इग नोबेल मिळालं. विषय: पादचारी एकमेकांना धडकतात का? समोरासमोरून चालत येणाऱ्या दोन घोळक्यांमध्ये तीन जण जरी मोबाइलमध्ये डोकं घालून चालले, तरी सगळ्या घोळक्याची लय बिघडते, असं त्यांना आढळलं. दादरच्या पुलावर हे कळायला प्रयोग लागत नाही म्हणा, पण सिद्ध करायला लागतो.

एक महिना फुकट बस

क्योतो विद्यापीठाच्या सातोशी फुजी आणि र्युइची कितामुरा यांचा प्रयोग आकारानं लहान, पण वाहतूक संशोधनात फार उद्धृत होणारा. रोज गाडी चालवणाऱ्या काही जणांना एक महिन्याचा बसचा मोफत पास दिला, काहींना दिला नाही. पास संपल्यावर महिनाभरानं पुन्हा विचारलं. पास मिळालेल्यांचं बसबद्दलचं मत सुधारलं होतं, ते पैसे देऊनही बसनं जास्त जात होते आणि गाडीची सवय सैल झाली होती. त्याआधी फुजींच्याच एका अभ्यासात एक द्रुतगती मार्ग दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद असताना गाडीवाल्यांची पाहणी झाली होती. नाइलाजानं रेल्वे-बस पकडणाऱ्यांना कळलं की वेळ आपण समजत होतो तेवढा लागतच नाही. म्हणजे बरेचदा बस वाईट नसते, तिच्याविषयीची आपली जुनी समजूत वाईट असते. (बस वेळेवर येत असेल तर, हे त्यात गृहीत आहे.)

आधी जागा दाखवा

जपानमध्ये गाडी घ्यायची तर आधी पोलीस ठाण्यात जायचं. गाडी उभी करायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे, याचा दाखला लागतो. अर्जाबरोबर जागेचा नकाशा काढून, मापं लिहून द्यायची. कायदा १९६२ चा आहे, म्हणजे घरोघरी गाड्या येण्याच्या आधीचा! रात्री रस्त्यावर एकाच जागी आठ तासांहून अधिक गाडी ठेवायला बंदी आहे. छोट्या 'केई' गाड्यांना ग्रामीण भागात यातून सूट मिळते. टोकियोच्या गल्ल्या इतक्या अरुंद असूनही मोकळ्या दिसतात, त्यामागे संस्कार कमी आणि हा कागद जास्त आहे. जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, अशी घोषणा महाराष्ट्रातही २०२५ मध्ये झाली. जपानचा अनुभव इतकाच की असा कायदा गाड्या यायच्या आधी केला तर सोपा जातो.

जागेची टंचाई काय काय करायला लावते, याचा अर्क ओसाकात आहे. १९९२ मध्ये बांधून झालेल्या गेट टॉवर इमारतीच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यातून चक्क द्रुतगती मार्गाचा फाटा आरपार जातो. जमीनमालक जागा सोडेना, रस्तेवाले मार्ग सोडेनात, वर्षानुवर्षं घासाघीस चालली. शेवटी रस्ता आणि इमारत एकाच जागेत राहू शकतील असा बदल १९८९ मध्ये कायद्यात झाला. इमारतीच्या फलकावर त्या तीन मजल्यांचा भाडेकरू म्हणून रस्त्याचं नाव आहे. लिफ्ट तिथे थांबत नाही, हे सांगायला नको.

वीस सेकंद आणि नव्वद सेकंद

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्सुकुबा एक्स्प्रेस या मार्गावरची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनातून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी २० सेकंद आधी सुटली आणि कंपनीनं जाहीर माफी मागितली. कुणी तक्रारही केली नव्हती. ही बातमी जगभर कौतुकानं फिरली.

त्या कौतुकाला दुसरी बाजू आहे. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकीत एक लोकल वळणावर रुळांवरून उतरून इमारतीत घुसली आणि चालकासह १०७ माणसं गेली. गाडीला दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता. ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ती ताशी ११६ किलोमीटरनं शिरली. चुकलेल्या चालकांना अपमानास्पद 'प्रशिक्षणा'ला बसवण्याची, ही लोकल चालवणाऱ्या कंपनीची पद्धत चौकशीत पुढे आली. त्यानंतर वेळापत्रकात सैल वेळ ठेवण्यात आली. वक्तशीरपणा सुरक्षेच्या पुढे गेला की काय होतं, याचा अभ्यास जपानमध्ये आजही याच अपघातापासून सुरू होतो.

सुरक्षेची त्यांची दुसरी सवय मात्र बिनखर्ची आहे. मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून, मोठ्यानं त्याची स्थिती उच्चारतो. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात दिसलं की नुसत्या बघण्यापेक्षा बोट आणि आवाज दोन्ही वापरले तर साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होतात.

मांजर, गुलदस्ता, आजोबा

वाकायामा प्रांतातला किशिगावा हा तोट्यातला छोटा रेल्वेमार्ग बंद पडायच्या बेतात होता. २००७ च्या जानेवारीत शेवटच्या किशी स्टेशनावर तामा नावाच्या मांजरीला रीतसर स्टेशनमास्तर नेमलं. टोपीसह, पगार खाण्याच्या रूपात. लोक लोटले. कान्साई विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ कात्सुहिरो मियामोतो यांनी हिशेब मांडला की तिच्यामुळे एका वर्षात परिसराच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ११० कोटी येनची भर पडली. २०१५ मध्ये तामा गेली तेव्हा हजारो लोक निरोपाला आले. मार्ग अजून चालू आहे आणि स्टेशनमास्तरही मांजरच आहे.

पण मांजर प्रत्येक गावाला परवडत नाही. तोयामा शहरानं जास्त टिकाऊ वाट धरली. तिथले माजी महापौर मासाशी मोरी यांच्या आराखड्याचं घोषवाक्य खाण्यातलंच होतं, गोळे आणि काडी: दाट वस्तीचे गोळे, आणि त्यांना ओवणारी ट्राम-बसची काडी. २००६ मध्ये एका मरगळलेल्या रेल्वेमार्गाची त्यांनी ट्राम केली, प्रवासी दुपटीच्या घरात गेले. ६५ वर्षांवरच्यांना दिवसा शहराच्या मध्यात यायला १०० येन. आजी-आजोबा नातवंडाला घेऊन आले तर प्राणिसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय फुकट. आणि ठरावीक दुकानातून फुलांचा गुलदस्ता घेऊन चढलात तर ट्रामचं तिकीटही माफ! उद्देश असा की म्हातारी माणसं घराबाहेर पडावीत, चालावीत, आणि गुलदस्त्यानं ट्रामही जरा सुंदर दिसावी.

आणि हो, आपल्या मेट्रोच्या फलाटावरच्या त्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा? त्या सेइइची मियाके यांनी शोधल्या. पहिल्यांदा बसवल्या गेल्या ओकायामात, अंध विद्यार्थ्यांच्या शाळेजवळ, १८ मार्च १९६७ रोजी.

रूळ विकायचे नसतात, जमीन विकायची असते

ओसाकाजवळ १९१० मध्ये इचिझो कोबायाशींनी एक विजेची रेल्वे सुरू केली. पुढे तिची हांक्यू झाली. मार्गावर प्रवासी होतेच कुठे? मग त्यांनी आधीच स्वस्तात जमीन घेतली आणि घरं बांधून हप्त्यांवर विकली. सकाळी गाड्या शहराकडे भरून जातात आणि उलट्या रिकाम्या येतात, म्हणून दुसऱ्या टोकाला ताकाराझुकात मुलींची नाट्यमंडळी काढली. तिचा पहिला प्रयोग १९१४ चा, आणि ती आजही हाऊसफुल्ल आहे. शहराच्या टोकाला, उमेदा स्टेशनावर, १९२९ मध्ये स्वतःचं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. म्हणजे प्रवाशाचं घर, करमणूक आणि खरेदी सगळं एकाच मालकाचं. तिकीट हे निमित्त. जपानच्या खासगी रेल्वे अनुदानावाचून तगतात त्याचं गुपित इंजिनात कमी आणि सातबाऱ्यात जास्त आहे.

सरकारनं यातून धडा घेतला. १९८९ मध्ये कायदा केला की मोठा नवा रेल्वेमार्ग आणि त्याभोवतीची घरबांधणी एकत्रच आखायची. जमिनीचे तुकडे आधी नव्यानं जुळवायचे, स्टेशन-रुळांची जागा त्यातूनच काढायची. २००५ मध्ये सुरू झालेली, आकिहाबारा ते त्सुकुबा ५८ किलोमीटरची त्सुकुबा एक्स्प्रेस (तीच, वीस सेकंदवाली) या कायद्याचं अपत्य. तिच्या वाटेवरच्या नागारेयामा शहरानं पुढचं पाऊल टाकलं. आईवडिलांनी सकाळी मूल स्टेशनाशेजारच्या केंद्रात सोडायचं आणि गाडी पकडायची; तिथून बस मुलांना त्यांच्या त्यांच्या पाळणाघरात पोचवते. शुल्क दिवसाला १०० येन. तरुण कुटुंबं तिकडे राहायला गेली नसती तरच नवल.

उधारीची बुलेट

१९६४ च्या १ ऑक्टोबरला, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, ५१५ किलोमीटरची पहिली शिंकान्सेन धावली. तिच्यासाठी १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर उसने घेतले होते. सरकारी रेल्वेचे प्रमुख शिंजी सोगो यांनी बाहेरचं कर्ज मुद्दाम घेतलं, म्हणजे पुढच्या सरकारला माघार घेता येऊ नये, असं सांगतात. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. सोगोंनी १९६३ मध्ये पद सोडलं, त्यांच्यापाठोपाठ मुख्य अभियंते हिदेओ शिमांनीही सोडलं, आणि उद्घाटनाच्या समारंभाला दोघांनाही बोलावणं नव्हतं. जपाननं जागतिक बँकेचा शेवटचा हप्ता फेडला जुलै १९९० मध्ये.

आता तोच जपान सावकाराच्या गादीवर आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी त्यानं ०.१ टक्का व्याजानं, ५० वर्षांच्या मुदतीनं कर्ज देऊ केलं. पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. एकूण ५०८ किलोमीटरपैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत आणि स्टेशनं चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. गाडीचा वेग, रूळ, भूकंपमापकं यांची काळजी जपानी आणि भारतीय इंजिनिअर घेतील. तुम्ही विरार-बोईसरकडचे असाल तर एवढंच करा: स्टेशनाभोवतीच्या जमिनीचं काय ठरलंय, बस कुठून सुटणार, पाळणाघराला जागा ठेवलीय का, हे आपल्या आमदाराला आत्ताच विचारून घ्या.